शाबासकीची चिठ्ठी: कंपनीच्या ‘व्हॅल्यूज’ भिंतीवरून खाली कशा आणायच्या

तुम्ही एचआरमध्ये नवीन आहात, किंवा नुकतेच टीम लीड झालात, आणि वरून मेल आलाय की पुढच्या क्वार्टरपासून ‘पीअर रेकग्निशन’ सुरू करा, कंपनीच्या व्हॅल्यूजशी जोडा, पीपीटी शुक्रवारपर्यंत पाठवा. मग हे वाचा. मी हे काम दोनदा केलंय, आधी हिंजवडीत एका आयटी कंपनीत आणि नंतर भोसरी एमआयडीसीत साधारण दीडशे माणसांच्या एका कारखान्यात. पहिल्यांदा सपशेल आपटलो, दुसऱ्यांदा बऱ्यापैकी जमलं, आणि जे जमलं त्यातलं निम्मं त्या आपटण्यातून शिकलेलं आहे. उदाहरणं जास्त करून कारखान्यातली देतो कारण तिथे गोष्टी डोळ्यांना दिसतात, ऑफिसवाल्यांनी लॉटच्या जागी रिलीज आणि सुपरवायझरच्या जागी मॅनेजर असं वाचून घ्या.

पीअर रेकग्निशन म्हणजे एवढंच की शेजारी काम करणाऱ्याने शेजाऱ्याचं चांगलं काम चारचौघांत सांगायचं. साहेबाने द्यायचा पुरस्कार हा वेगळा प्रकार. ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’मध्ये वर्षाला बारा फोटो लागतात, त्यातले चार-पाच तेच तेच, आणि साहेबाला जे दिसतं त्यावरच तो ठरणार, त्यात त्याचीही चूक नाही. रात्री दोन वाजता मशीनवर कोण काय करतो हे साहेबाला कसं दिसेल, ते शेजारच्या मशीनवाल्याला दिसतं. या सगळ्या खटाटोपाचा फायदा काय तर हा, की जे फक्त शेजाऱ्यालाच माहीत असतं ते बाहेर येतं.

आधी भिंतीवरचे शब्द खाली उतरवा

फॉर्म, बॉक्स, ॲप हे सगळं नंतर. पहिले पंधरा दिवस फक्त व्हॅल्यूजवर घालवा, आणि वरून घाई झाली तरी हे सोडू नका.

रिसेप्शनच्या मागे जे चार-पाच शब्द फ्रेममध्ये लावलेले असतात ते सगळीकडे जवळपास सारखेच असतात. टाटा समूहाची पाच मूल्यं बघितली तर सचोटी, जबाबदारी, उत्कृष्टता, एकजूट आणि नवी वाट पाडण्याची वृत्ती, इन्फोसिसच्या सी-लाइफमध्ये क्लायंट व्हॅल्यू, स्वतःच्या उदाहरणातून नेतृत्व, सचोटी आणि पारदर्शकता, न्याय्य वागणूक, उत्कृष्टता. चांगलेच शब्द आहेत. पण शब्द चांगले असून भागत नाही हे आपल्या महाराष्ट्राएवढं कोणाला माहीत असेल, दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे एन्रॉन या अमेरिकन कंपनीचं नाव आपल्याकडे घराघरात पोचलं होतं, त्या एन्रॉनची छापील मूल्यं होती आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता, आणि डिसेंबर २००१मध्ये हिशेबाच्या घोटाळ्यात ती कंपनी दिवाळखोरीत गेली. म्हणजे ‘सचोटी’ हा शब्द भिंतीवर असणं आणि तळमजल्यावरच्या माणसाने बिल चुकलंय असं उठून सांगणं यात मोठी दरी असते, आणि आपलं काम त्या दरीतलं आहे.

मग करायचं काय, तर प्रत्येक खात्यातल्या दोन-तीन माणसांना चहाला बोलवा आणि त्यांना हा एकच प्रश्न विचारा: आपल्याकडे या शब्दाप्रमाणे वागून कोणाला शेवटचा त्रास कधी झाला?

त्रास हा शब्द मुद्दाम वापरतोय. ‘क्वालिटी म्हणजे काय’ विचारलंत तर लोक पाठ केलेलं सांगतील, पण त्रास कधी झाला विचारलं की खरी गोष्ट निघते. आमच्याकडे निघालेली गोष्ट अशी. महिनाअखेर होती, गेटवर गाडी लोड होत होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता, आणि रात्रपाळीच्या एका ऑपरेटरने सहज म्हणून पॅक होणाऱ्या पेटीतला एक पीस उचलून नो-गो गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचा दांडा, लावला, तर तो गेज आत गेला. जायला नको, आत गेला म्हणजे बोअर, म्हणजे ते भोक, मोठं झालंय. त्याने गाडी थांबवली. तो क्यूसीचा, म्हणजे माल तपासणाऱ्या खात्याचा, माणूस नव्हता, त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि डिस्पॅचवाल्याने त्याला नको नको ते ऐकवलं, तरी तो पेट्या उघडेपर्यंत हटला नाही. शेवटी तीन पेट्या परत खाली उतरल्या आणि गाडी अर्धी भरून गेली.

ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती, म्हणजे त्या पाळीतल्या आठ-दहा जणांना सोडून. एमडी साहेबांना तर फक्त एवढंच कळलं होतं की महिनाअखेरीला डिस्पॅच कमी पडला.

माझ्या मते सगळ्याचा गाभा इथेच आहे. कंपनीचं मूल्य कोणतं हे तेव्हा कळतं जेव्हा ते पाळताना काहीतरी किंमत मोजावी लागते, मग तो वेळ असेल, टार्गेट असेल, कोणाची नाराजी असेल. ज्यात काहीच मोजावं लागलं नाही ते चांगलं काम असेल, त्याला थँक्यू म्हणा, पण व्हॅल्यूच्या नावाने त्याचा गाजावाजा करू नका. नवीन माणसाला ही एक चाळणी दिली की बाकीचं बरंच आपोआप सुधारतं.

चहाच्या बैठकांतून आलेल्या गोष्टी घ्या आणि प्रत्येक मूल्याखाली साध्या बोलीत दोन-तीन ओळी लिहा, म्हणजे माणसाने काय केलं की ते मूल्य दिसलं. आमच्या काही ओळी सांगतो. प्रामाणिकपणा: आपली चूक दुसऱ्याला सापडायच्या आधी आपणच सांगितली. सुरक्षा: कोणाला लागलं नाही, थोडक्यात वाचलो, तरी नोंद केली, किंवा गार्ड काढून चालू असलेलं मशीन दुसऱ्याचं असूनही बंद केलं. टीमवर्क: पाळी संपताना पुढच्याला मशीनची खोड समजावून मगच घरी गेला, बस सुटली तरी. शेवटची ओळ एका हेल्परने सुचवली आणि ‘बस सुटली तरी’ हे शब्द त्याचेच, मी फक्त लिहून घेतले.

एखाद्या मूल्याखाली कोणालाच काही सुचलं नाही तर ती जागा रिकामी ठेवा आणि तसंच वर दाखवा. आमच्याकडे ‘इनोव्हेशन’खाली काहीच आलं नाही. साहेब थोडे नाराज झाले, पण मग कबूल केलं की गेल्या दोन वर्षांत आलेल्या कायझेन सूचनांना, म्हणजे कामगारांनी सुचवलेल्या छोट्या सुधारणांना, कोणी साधं उत्तरसुद्धा दिलेलं नाही. आता उत्तरच मिळणार नसेल तर माणूस सुचवेल कशाला.

चिठ्ठी कशी लिहायची हे शिकवावं लागतं

लोकांना वाटतं यात काय शिकवायचं. पण पहिल्या महिन्याच्या चिठ्ठ्या वाचा, दहातल्या आठ अशा असतात: ‘खूप मेहनती, नेहमी हसतमुख, टीमसाठी सदैव तत्पर.’ ही चिठ्ठी कोणालाही लागू पडते. निरोप समारंभाच्या भाषणासारखी. वाचून शेजारच्याला कळत नाही की आपण काय करायचं, आणि ज्याला मिळाली त्यालाही कळत नाही की नेमकं काय आवडलं.

चिठ्ठीत तीन गोष्टी मागा. काय केलं, त्यात त्याला काय मोजावं लागलं, आणि त्यामुळे कोणाचं काय वाचलं. बस. मूल्याचं नाव लिहायची सक्तीसुद्धा करू नका, ते वाचणारा ठरवेल. आयटीतल्या पहिल्या प्रयत्नात आम्ही ड्रॉपडाऊन दिला होता, मूल्य निवडल्याशिवाय फॉर्म पुढे जायचा नाही, तर निम्म्या लोकांनी यादीतलं पहिलं नाव निवडलं आणि क्वार्टर संपल्यावर रिपोर्टमध्ये दिसलं की आमची कंपनी भयंकर ‘कस्टमर फर्स्ट’ आहे.

उदाहरण म्हणून आमच्या बॉक्समधली एक चांगली चिठ्ठी, जवळपास जशी होती तशी: ‘मंगळवारी सेकंड शिफ्टला माझा हजेरीचा घोळ झाला होता, स्टोअरवाल्या दादांनी स्वतःचं जेवण सोडून जुनं रजिस्टर काढलं आणि टाइम ऑफिसला जाऊन सांगितलं की हा पोरगा खरंच आलेला, मी याला हँडग्लोव्ह दिलेले. माझा एक दिवसाचा पगार वाचला.’ भाषा साधी, शुद्धलेखन गेलं तेल लावत, पण वाचल्यावर स्टोअरवाले दादा डोळ्यांसमोर उभे राहतात की नाही?

आपल्याकडे अजून एक अडचण येते ती म्हणजे संकोच. तोंडावर कौतुक करायची आपल्याला सवय नाही. कोणी केलंच तर समोरचा म्हणतो काय रे, मस्का मारतोस का, उसने पैसे पाहिजेत का. घरीसुद्धा आईवडील मुलाचं कौतुक शेजाऱ्याकडे करतात, मुलाकडे नाही, त्याला कुठूनतरी फिरून कळतं. आणि याच महाराष्ट्रात वारीत अनोळखी माणसं वय, जात, पद न बघता ‘माऊली’ म्हणून एकमेकांच्या पाया पडतात, ते काही कोणाला अवघड वाटत नाही, कारण तिथे रीतच ठरलेली आहे. मी त्यातून एवढंच उचललं की रीत ठरवून दिली की संकोच कमी होतो. चिठ्ठी त्या माणसाला उद्देशून लिहायला लावू नका, त्याच्याबद्दल तिसऱ्याला सांगतोय अशी लिहायला सांगा, ‘तू’ऐवजी ‘त्याने’. एवढ्याशा बदलाने आमच्याकडे चिठ्ठ्या जवळजवळ दुप्पट यायला लागल्या.

आणि भाषेची अट नको. मराठी, हिंदी, मोडकं इंग्रजी, काहीही. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांचा व्हॉइस मेसेज घ्या आणि तुम्ही उतरवून काढा, पण उतरवताना सुधारू नका, मी एकदा सुधारलं तर त्या बाईंनी सरळ सांगितलं हे मी बोललेच नाही.

बॉक्स की ॲप

यावर मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो आणि खरं तर हा सगळ्यात कमी महत्त्वाचा प्रश्न आहे. सगळ्यांकडे लॅपटॉप असेल तर मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये प्रेझची, म्हणजे कौतुकाचा मेसेज पाठवायची, सोय आहे, स्लॅक या चॅट ॲपवर हेटॅको आहे ज्यात प्रत्येकाला रोज सहकाऱ्यांना शाबासकी म्हणून वाटायला पाच टॅकोची चित्रं मिळतात, केका किंवा डार्विनबॉक्ससारखी एचआर सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातही काहीतरी असतंच, आधी तेच वापरा, नवीन विकत घेऊ नका. शॉपफ्लोअर असेल तर कँटीनच्या हात धुवायच्या जागेजवळ एक बॉक्स, दोरीला बांधलेलं पेन (न बांधलेलं पेन दोन दिवस टिकतं) आणि अर्ध्या पानाचे कागद. एचआरच्या केबिनबाहेर बॉक्स ठेवू नका, तिथे जाणारा माणूस तक्रार करायला चाललाय असंच सगळ्यांना वाटतं.

कॉन्ट्रॅक्टवरची माणसं, हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, कँटीनवाले यांना पहिल्या दिवसापासून यात घ्या. आमच्याकडे लीगल बघणाऱ्यांनी आक्षेप घेतला की ठेकेदाराच्या माणसाला कंपनीने बक्षीस दिलं तर उद्या तो म्हणेल मी तुमचाच कामगार. आम्ही मधला मार्ग काढला, चिठ्ठी सगळ्यांची वाचायची, वस्तू द्यायची वेळ आली तर ती ठेकेदाराच्या हातून. तुमच्याकडे काय चालेल ते तुमच्या वकिलाला विचारा, पण ‘अवघड आहे’ म्हणून त्यांना वगळू नका, कारण दीडशेतले साठ जण बाहेर ठेवून ‘एकजूट’ या मूल्याची चिठ्ठी वाचताना वाचणाऱ्यालाच कसंतरी वाटतं.

पैसे द्यायचे का

इथे माझं मत बऱ्याच लोकांना पटत नाही, तरी सांगतो. चिठ्ठीमागे पैसे देऊ नका.

देणाऱ्या कंपन्या आहेत. गूगलमध्ये सहकाऱ्याला १७५ डॉलरचा पीअर बोनस साहेबाची परवानगी न घेता देता यायचा असं प्रसिद्ध आहे, झॅपोसमध्ये महिन्यातून एकदा एका सहकाऱ्याला ५० डॉलर देता यायचे. पण तिथल्या पगाराच्या मानाने ती रक्कम किरकोळ आहे हे विसरू नका. आपल्याकडे अठरा हजार पगार असलेल्या माणसाला पाचशे रुपये म्हणजे गॅसच्या टाकीला हातभार, आणि मग ती चिठ्ठी कौतुकाची राहत नाही, ती पाचशे रुपयांची नोट होते.

१९७१ साली एडवर्ड डेसी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केले होते. कॉलेजच्या मुलांना सोमा नावाची ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली, काहींना कोड्यामागे पैसे दिले. पैसे बंद झाल्यावर त्या मुलांची मोकळ्या वेळात कोड्यांशी खेळायची हौस कमी झालेली दिसली. आणि दुसऱ्या एका गटाला पैशांऐवजी नुसती शाबासकी दिली तर त्यांची हौस कमी झाली नाही. अमेरिकेतल्याच एका औद्योगिक लाँड्री कंपनीवरचा २०१६चा अभ्यास तर एचआरवाल्यांनी पाठच करावा. तिथे महिनाभर वेळेवर येणाऱ्यांची नावं सोडतीत घालून गिफ्ट कार्ड द्यायला सुरुवात केली, तर लोक सोडतीत नाव असेपर्यंत वेळेवर यायचे, एकदा उशीर होऊन नाव गेलं की उरलेला महिना सैल, आणि जे आधीपासूनच बक्षीस नसताना वेळेवर येत होते त्यांचाच उत्साह गेला.

माझ्या पहिल्या कंपनीत हेच वेगळ्या रूपात झालं. पॉइंट होते, शंभर पॉइंटचं अमुक व्हाउचर. दुसऱ्याच महिन्यात दोन टीमनी आपापसात एक्सेल शीट केली, कोणी कोणाला कधी पॉइंट द्यायचे त्याची, अगदी भिशीसारखी, पाळीपाळीने प्रत्येकाचा नंबर. मला कळलं तेव्हा राग आला, नंतर हसू आलं, कारण त्या शीटएवढं शिस्तीचं टीमवर्क मी त्या कंपनीत दुसरं पाहिलं नाही.

अगदी काही द्यायचंच असेल तर तीन महिन्यांतून एकदा, छोटं, आणि वस्तू द्या. आम्ही त्या माणसाच्या घरच्यांना पत्र पाठवतो, कुरिअरने, चिठ्ठीची प्रत जोडून, सोबत मिठाईचा बॉक्स. एका ऑपरेटरच्या आईने ते पत्र देवघराशेजारी लावलंय असं त्यानेच लाजत सांगितलं. टॅक्सचंही बघा: रोख दिली की ती पगारातच धरली जाते, वस्तू किंवा व्हाउचर असेल तर जुन्या १९६२च्या नियमांत वर्षाला ५००० रुपयांपर्यंत सूट होती, आता १ एप्रिल २०२६पासून नवीन आयकर कायदा लागू झालाय, म्हणून आजची मर्यादा अकाउंट्सकडून लेखी घ्या आणि मगच ऑर्डर टाका.

इन्क्रिमेंटशी तर अजिबातच जोडू नका. जोडलंत की चिठ्ठी मागायला लोक दारोदार फिरतात. आणि पगारवाढ थांबलेल्या वर्षात हा कार्यक्रम सुरू करू नका, लोक म्हणतात पैसे द्यायला नाहीत म्हणून टाळ्या देतायत, आणि ते बरोबरच म्हणतात.

पहिले चार आठवडे

पहिल्या आठवड्यात उद्घाटन नको, फीत नको, एमडींचं भाषण नको. वेगवेगळ्या खात्यांतले आठ-दहा असे लोक निवडा ज्यांचं बाकीचे ऐकतात, पद नसलं तरी चालेल, नसलेलंच बरं. टूलरूममधले जुने मिस्त्री, कँटीनमधल्या मावशी, अकाउंट्समधल्या त्या ताई ज्यांना सगळ्यांच्या घरचं माहीत असतं. त्यांना सांगा की या आठवड्यात एक तरी चिठ्ठी टाका, आणि शक्यतो दुसऱ्या खात्यातल्या माणसाबद्दल.

दुसऱ्या आठवड्यापासून वाचन सुरू करा. आमच्याकडे पाळी सुरू होताना पाच-सात मिनिटांचा टूलबॉक्स टॉक असतोच, त्यातली दोन मिनिटं मागून घेतली, दर सोमवारी दोन चिठ्ठ्या. वाचायचं सुपरवायझरने, एचआरने नाही. यामागे कारण आहे. सुपरवायझरच्या तोंडून ‘गाडी थांबवली ते बरोबर केलं’ हे बाहेर पडलं की उरलेल्या वीस जणांना कळतं की उद्या आपण थांबवली तर हा माणूस आपल्याला खाणार नाही. टोयोटाच्या लाइनवर कामगाराला दोरी ओढून मदतीला बोलवायची आणि गरज पडली तर लाइन थांबवायची मुभा असते हे ट्रेनिंगमध्ये सगळेच ऐकतात, पण दोरी ओढल्यावर धावत येणारा माणूस कपाळाला आठ्या घालून आला तर पुन्हा कोण ओढेल? आमच्या कारखान्यात ती आठ्या पडायची जागा म्हणजे सुपरवायझर, त्यामुळे आधी त्याला विश्वासात घ्या. त्याला हा कार्यक्रम आपल्याविरुद्धची चुगली वाटू शकतो. एका सुपरवायझरने मला विचारलंच, माझ्या शिफ्टमध्ये लॉट थांबला ही गोष्ट तू माईकवर सांगणार, मग माझं काय? रास्त प्रश्न होता. तेव्हापासून चिठ्ठीत ज्याच्या खात्यातली अडचण येते त्याला आदल्या दिवशी दाखवतो आणि तो म्हणेल ते एखादं वाक्य काढतो.

ज्याची चिठ्ठी वाचायची त्यालाही आधी विचारा. काहींना चारचौघांत नाव घेतलेलं खरंच नको असतं, त्यांना ती नुसती हातात द्या.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ओढ कमी होते, बॉक्स रिकामा राहतो. घाबरू नका आणि मुख्य म्हणजे ‘प्रत्येकाने महिन्याला दोन चिठ्ठ्या’ असं टार्गेट लावू नका. त्याऐवजी जेवणाच्या सुट्टीत टेबलांवर बसा आणि विचारा, या आठवड्यात तुमचं काम कोणामुळे सोपं झालं. कोणीतरी काहीतरी सांगतं, तेव्हाच कागद पुढे करा.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ते उशिरापर्यंत थांबण्याच्या कौतुकात. ‘सलग दोन शिफ्ट मारल्या, घरी पाहुणे असताना आला’ अशा चिठ्ठ्या यायला लागतात आणि त्या वाचल्या की नव्या मुलांना वाटतं हेच कंपनीचं मूल्य आहे. आम्ही ठरवून टाकलं की नुसत्या जागरणाची चिठ्ठी वाचायची नाही, त्या माणसाला धन्यवाद द्यायचे आणि सुपरवायझरला विचारायचं की माणूस कमी का पडला.

मग गटबाजी. एकाच गावचे, एकाच खोलीत राहणारे, एकाच क्रिकेट टीममधले एकमेकांना देत राहतात. त्यात वाईट काही नाही, माणूस ज्याला ओळखतो त्याचंच काम त्याला दिसतं. पण दर महिन्याला एक साधी यादी काढा, कोणाला सहा महिन्यांत एकही चिठ्ठी मिळालेली नाही. ही यादी कुठे लावायची नाही, फक्त तुमच्याकडे. आमच्या यादीत पहिल्यांदा जवळजवळ सगळी रात्रपाळी होती आणि ईटीपी प्लांटवरचे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवरचे, दोघे, कारण तिकडे कोणी फिरकतच नाही. मग मीच एका रात्री जाऊन बसलो, बारा ते चार. त्या चार तासांत तीन चिठ्ठ्या मिळाल्या. तिथे नेहमी होणाऱ्या गोष्टीच होत्या, आजवर बघायला कोणी गेलं नव्हतं इतकंच. उलटी यादी मात्र, म्हणजे सर्वात जास्त चिठ्ठ्या कोणाला, काढूच नका, लीडरबोर्ड लागला की खेळ सुरू होतो.

बायकांबद्दलच्या चिठ्ठ्या नीट वाचा. ‘नेहमी टापटीप, स्माइल छान’ असल्या चिठ्ठ्या येतात, काही भोळेपणाने, काही नाही. कामाचं सोडून दिसण्याबद्दल असेल ते वाचायचं नाही, लिहिणाऱ्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगायचं, आणि त्यातला सूर वेगळा वाटला तर २०१३च्या कायद्याने नेमलेली अंतर्गत समिती आहेच, तिच्या अध्यक्षांना विचारा, स्वतः न्यायाधीश होऊ नका.

निनावी चिठ्ठी घ्यायची का असं बरेच जण विचारतात. घ्या, पण वाचायच्या आधी खरं आहे का ते दोघांना विचारून घ्या. आमच्याकडे एकाने स्वतःबद्दलच निनावी लिहिलं होतं. अक्षरावरून कळलं. मी काही बोललो नाही, कारण त्याने लिहिलेलं काम त्याने खरंच केलेलं होतं आणि ते सांगायला त्याला दुसरं कोणी मिळालं नव्हतं.

चिठ्ठ्या जमल्या की त्या वाचा, सगळ्या, एकत्र

हे काम बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही. वाचून झालेल्या चिठ्ठ्या फाइलला लागतात आणि फाइल कपाटात. तीन महिन्यांनी सगळ्या टेबलावर पसरा आणि मूल्यांप्रमाणे ढीग करा. एखादा ढीग फारच छोटा असेल तर तिथे काहीतरी अडतंय. आमच्याकडे ‘प्रामाणिकपणा’चा ढीग दोन चिठ्ठ्यांचा होता. लोक खोटारडे होते असं मुळीच नाही, पण चूक कबूल केली की मेमो मिळायचा, मग कबूल कोण करणार आणि त्याची चिठ्ठी कोण लिहिणार. तो मेमोचा नियम बदलायला पाच महिने लागले: स्वतःहून सांगितलेल्या पहिल्या चुकीला मेमो नाही. पुढच्या तिमाहीत त्या ढिगात अकरा चिठ्ठ्या होत्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यात मशीनची पूजा होते, सगळ्या पाळ्या एकत्र असतात, साहेब लोकही असतात. वर्षभरातल्या निवडक सात-आठ चिठ्ठ्या वाचायला याच्याइतकी चांगली वेळ मला दुसरी मिळाली नाही, वेगळा टाऊनहॉल, वेगळा हॉल, काही लागत नाही. नारळ फुटला की वाचायला घ्यायच्या, पेढे वाटपाच्या आत संपवायच्या, त्यानंतर कोणी ऐकत नाही.

गेल्या वर्षी त्या वाचनासाठी चिठ्ठ्या निवडताना माझ्या लक्षात आलं की मेंटेनन्सच्या एकाच फिटरबद्दल चार वेगवेगळ्या लोकांनी लिहिलंय, चारही वेळा रात्री, चारही वेळा सात नंबरच्या प्रेसवर, हायड्रॉलिक लीक, रविवारी घरून बोलावलं आणि आला. मी म्हटलं वा, यालाच पहिला नंबर द्यायचा. तो स्वतःच मला येऊन भेटला आणि म्हणाला साहेब, माझं नाव नका घेऊ, त्या चारही चिठ्ठ्यांची झेरॉक्स काढून परचेसला पाठवा, मी तिथे एक सील किट नऊ महिन्यांपासून मागतोय. चिठ्ठ्या परचेसला गेल्या, किट तेराव्या दिवशी आलं, आणि सात नंबरबद्दल त्यानंतर अजून तरी चिठ्ठी आलेली नाही.